राय उगाच डोक्यावर घेतलेत का? ‘अपू’चा ब्लू-रे संच तीन रविवार बघून

माझ्या भाच्याचं म्हणणं आहे की सत्यजित राय हा उगाच डोक्यावर घेतलेला दिग्दर्शक आहे. भाचा पुण्यात संकलक आहे, सिनेमावर त्याचं पोट चालतं, त्यामुळे त्याचं बोलणं मी कानाआड टाकत नाही. शिवाय हेच वाक्य मी स्वतः चाळीस वर्षं मनात म्हणत आलोय, आणि चारचौघांत दोन-तीनदा मोठ्यानेही म्हटलंय. म्हणून गेल्या दिवाळीत पुतणी अमेरिकेहून येताना क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीचा ‘द अपू ट्रिलॉजी’ हा ब्लू-रे डिस्कचा संच घेऊन आली, तेव्हा मी तो एका बैठकीत न संपवता तीन रविवारी बघायचा असं ठरवलं. दर रविवारी एक सिनेमा. ‘पथेर पांचाली’ (1955), ‘अपराजितो’ (1956) आणि ‘अपूर संसार’ (1959). बंगालमधल्या खेड्यात वाढलेला अपू, त्याची आई सर्वजया, वडील हरिहर आणि बहीण दुर्गा यांच्यापासून सुरू होणारी ही अपूची गोष्ट. हा त्या संचाचा अभिप्राय. भाच्याला तोंडी उत्तर देणं मला जमलं नव्हतं, तेही यातच आहे.

आधी 1984 सालचं सांगतो, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

सांगलीत आमची एक फिल्म सोसायटी होती. रविवारी सकाळी साडेआठला शाळेच्या हॉलमध्ये खेळ असायचा आणि सोळा एमएमचा प्रोजेक्टर मी चालवायचो. बँकेत कारकून होतो, सव्वीस वर्षांचा होतो, आणि त्या यंत्रावर माझा जीव होता. फिल्मचे डबे एसटीने यायचे. शनिवारी रात्री स्टँडवर जाऊन ते उतरवून घ्यायचे, सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधायचे आणि घरी आणून पहिलं रीळ हाताने फिरवून तपासायचं. ‘पथेर पांचाली’चं रीळ तपासताना बोटाला जोडच जोड लागत होते. दर पाच-दहा हातांवर चिकटपट्टी. भोकं फाटलेली. दुसऱ्या दिवशी पडद्यावर पाऊस पडत होता तो बंगालमधला की प्रिंटवरच्या चरांचा, हे कळायला मार्ग नव्हता. आवाज विहिरीतून आल्यासारखा. खालची इंग्रजी भाषांतराची अक्षरं पांढरी, आणि काश गवताच्या पांढऱ्या फुलांचं शेत आलं की पांढऱ्यावर पांढरं, सगळंच नाहीसं. जिथे रीळ तुटलेलं होतं तिथे माणूस दारात असायचा आणि पुढच्या क्षणी अंगणात.

खेळाआधी आमच्या अध्यक्षांनी जपानी दिग्दर्शक कुरोसावा यांचं प्रसिद्ध मत सांगितलं होतं: रायांचा सिनेमा न बघणं म्हणजे जगात राहून चंद्र-सूर्य न बघणं. साठ-सत्तर सभासद होते. मध्यंतरानंतर निम्मे पेंगत होते. संपल्यावर सगळे गंभीर चेहऱ्याने चहा प्यायले आणि कोणीही ‘कंटाळा आला’ म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं. घरी जाताना मात्र मनात पक्कं झालं की परदेशात कौतुक झालं म्हणून आपण या माणसाचा उदोउदो करतोय.

आता संचाकडे येतो.

या तीन सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह 1993 साली लंडनमधल्या हेंडरसन लॅबोरेटरीत लागलेल्या आगीत सापडल्या. जळून-वितळून जे उरलं ते ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेच्या अकादमीच्या संग्रहालयाने टाकून न देता वीस वर्षं जपून ठेवलं. पुढे इटलीत बोलोन्या शहरातल्या ‘लिम्माजिने रित्रोवाता’ या कार्यशाळेत ती जळकी फिल्म पुन्हा ओलावा देऊन मऊ केली, चिकटपट्ट्या आणि डिंक सोडवला, कडेची भोकं हाताने बांधून काढली. जवळजवळ हजार तासांचं हातकाम. त्यातून ‘पथेर पांचाली’चा चाळीस टक्के आणि ‘अपराजितो’चा साठ टक्क्यांहून जास्त भाग मूळ निगेटिव्हवरून परत मिळाला. उरलेला भाग ठिकठिकाणच्या चांगल्या प्रतींवरून भरला. ‘अपूर संसार’चं मूळ वापरण्याजोगं उरलं नव्हतं, त्यामुळे तो पूर्णपणे अशा प्रतींवरून तयार झालाय. हे सगळं 2015 साली लोकांसमोर आलं. न्यूयॉर्कच्या ज्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 1955 साली ‘पथेर पांचाली’ जगात पहिल्यांदा दाखवला गेला होता, तिथेच साठ वर्षांनी नवी प्रत दाखवली. या कामावरची छोटी फिल्म संचात आहे. ती आधी बघा असं मी सांगेन. चिमट्यात धरलेला तो काळा, वाकलेला फिल्मचा तुकडा बघताना मला माझ्या बोटाला लागलेले जोड आठवले.

पहिल्या रविवारी ‘पथेर पांचाली’ लावला आणि विसाव्या मिनिटाला मी उठून टीव्हीच्या जवळ खुर्ची ओढली. हिने विचारलं, काय झालं? म्हटलं, मी हा सिनेमा बघितलेला नाही.

खरंच नव्हता बघितला. एकच जागा सांगतो, शेवटाकडची. दुर्गा गेलीय. घर सोडून काशीला जायचं ठरलंय. सामान आवरताना अपूला फळीवर एक करवंटी सापडते, आत कोळी आणि शेजाऱ्यांकडची चोरीला गेलेली मण्यांची माळ. म्हणजे बहिणीने ती खरोखरच चोरली होती. सिनेमाच्या सुरुवातीला आई याच माळेपायी दुर्गेला केस धरून बडवते. अपू माळ मुठीत धरून पळत जातो आणि तळ्यात फेकतो. 1984 साली मला एवढंच दिसलं होतं: मुलाने काहीतरी पाण्यात टाकलं आणि पडदा करडा झाला. आता जे दिसलं ते असं. तळ्यावर शेवाळाचा जाड थर आहे. माळ पडते तिथे शेवाळ फाकतं आणि काळं, गोल पाणी दिसतं. मग कडेची पानं सावकाश आत सरकायला लागतात. भोक लहान होत जातं. कॅमेरा तसाच थांबतो. अपू बघतोय, आपणही बघतोय, आणि बहिणीची चोरी पाण्याने झाकली जातेय. कोणी बोलत नाही.

माझ्या प्रिंटमध्ये ते शेवाळच दिसत नव्हतं. जो प्रसंग डोळ्यांना दिसलाच नाही त्याच्यावर मी चाळीस वर्षं मत देत होतो.

दुसरी गोष्ट कानाची. हरिहर गावाहून परत येतो, मुलगी गेल्याचं त्याला माहीत नाही. पिशवीतून एकेक वस्तू काढून बायकोला दाखवतो. दुर्गेसाठी आणलेली साडी तो तिच्या हातात देतो आणि सर्वजयेचा बांध फुटतो. पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तार-शहनाई हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजतं, वरच्या पट्टीत, पटदीप रागात. वाजवणारे दक्षिणामोहन टागोर, संगीत रविशंकरांचं. पटदीप आपल्याकडे नाट्यपदांतून घराघरांत पोचलेला राग, तो कानाला ओळखीचाच आहे. पण तिथे तो राग राहत नाही, बाईचं तोंड उघडलेलं आहे आणि त्यातून तो सूर येतोय असं वाटतं. आमच्या हॉलमध्ये त्या जागी करकर झाली होती आणि मागच्या रांगेतलं कोणीतरी हसलं होतं. या वेळी ही स्वयंपाकघरात होती. आवाज ऐकून हात पुसत बाहेर आली आणि उभ्यानेच उरलेला सिनेमा बघितला.

राय यांच्याबद्दल आपल्याकडे ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्या मला आता अडचणीच्या वाटायला लागल्यात. जाहिरात कंपनीतली नोकरी, पत्नीचे दागिने गहाण ठेवणं, पश्चिम बंगाल सरकारने रस्तेसुधारणेच्या खात्यातून दिलेले पैसे, कधीही सिनेमाचा कॅमेरा न हाताळलेला एकवीस वर्षांचा छायालेखक सुब्रत मित्र. सगळं खरं आहे, आणि या गोष्टी चहाच्या टपरीपासून विद्यापीठापर्यंत इतक्या वेळा सांगून झाल्यात की सिनेमा सुरू व्हायच्या आधीच बघणारा हात जोडून बसतो. त्यात आणखी ‘करुणा’, ‘मानवता’ हे शब्द. 1956 साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात याला ‘मानवी दस्तऐवज’ म्हणून पारितोषिक मिळालं तेव्हापासून ते चिकटलेत. उलट बाजूने खासदार असताना नर्गिस यांनी आरोप केला की राय परदेशात देशाची गरिबी विकतात. कौतुक करणारे आणि टीका करणारे, दोघेही एकच गोष्ट बघत होते: गरिबी. माझा वाद दोघांशी आहे.

कारण नीट बघितलं तर या सिनेमात कोणी संत नाही. सर्वजया वाईट वागते. ती घरात राहणाऱ्या, नात्यातल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरूणला घराबाहेर काढते, तेही दोन-चार चिंचोके-पेरूंच्या हिशेबावरून. म्हातारी आजारी अवस्थेत परत येते, पाणी मागते, तेव्हा सर्वजया बसल्या जागेवरून उठत नाही. स्वतःच घ्या म्हणते. म्हातारीचं काम करणाऱ्या चुनीबाला देवी त्या वेळी ऐंशीच्या घरातल्या होत्या, जुन्या काळच्या रंगभूमीवरच्या नटी. वाकून, चाचपडत त्या पाणी घेतात. मग बांबूच्या बनात मुलांना ती बसलेली सापडते, दुर्गा हात लावते आणि म्हातारी कलंडते. तिचा तांब्या घरंगळत तळ्यात जातो. राय यांनी सर्वजयेला माफ केलेलं नाही आणि तिच्यावर रागही धरलेला नाही. महिन्याकाठी घरात किती पैसे येतात, किती तोंडं आहेत, शेजारणीचं किती देणं आहे, हा हिशेब ते मांडून ठेवतात, आणि ती बाई तशी का वागली हे आपल्याला त्या हिशेबातून कळतं. मी आयुष्यभर बँकेत लोकांचे हिशेब बघितले. कर्जाचा हप्ता चुकलेल्या घरात माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते मला माहीत आहे. तशीच बोलतात.

आणि परदेशाने एकमताने डोक्यावर घेतलं हेही तितकंसं खरं नाही. 1958 साली अमेरिकेत ‘पथेर पांचाली’ लागला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक बॉस्ली क्राउथर यांनी लिहिलं होतं की हॉलिवूडच्या संकलकांनी असल्या ढिल्या सिनेमाला जेमतेम कच्ची जोडणी म्हटलं असतं. तरी तो न्यूयॉर्कमध्ये आठ महिने चालला. तिकीट काढून येणाऱ्या लोकांना कुरोसावांचं मत कुठे माहीत होतं?

दुसरा रविवार ‘अपराजितो’चा. माझ्या मते संचाची खरी किंमत या एका डिस्कमध्ये आहे.

हा तिघांतला सगळ्यांत कमी बोलला जाणारा सिनेमा. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात 1957 साली सुवर्णसिंह हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पण कलकत्त्यात तो चालला नव्हता. पहिला अर्धा तास काशीचा आहे, घाट, कबुतरं, माकडं. तो भाग मला आजही थोडा दिनदर्शिकेवरच्या चित्रांसारखा वाटतो. पण काशीच्या घराचा चौक बघा. तो खरा चौक नाही, कलकत्त्याच्या स्टुडिओत कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी उभा केलेला आहे. वरून येणारा मंद, सावली न पाडणारा उजेड आणण्यासाठी सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा झोत त्यावर मारून खाली परतवला. मी वाड्यात वाढलोय. चौकात दुपारी बाराची वेळ सोडली तर ऊन कधी खाली पोचत नाही, नुसता उजेड उतरतो आणि भांडी घासणाऱ्या बाईच्या हाताची सावली कुठेच पडत नाही. तोच उजेड इथे आहे. हे नकली आहे असं वाचल्यावर मी तो भाग पुन्हा लावला. तरी मला ते खरंच वाटत राहिलं. तेव्हाच्या आपल्या सिनेमात घराच्या आत शिरलं की प्रत्येक नटाला तीन-तीन सावल्या असायच्या.

वडील गेल्यावर आई आणि अपू खेड्यात येतात. घराच्या पलीकडे दूरवरून आगगाडी जाते. अपू शाळेत हुशार निघतो, हेडमास्तर त्याला पृथ्वीचा गोल देतात, शिष्यवृत्ती मिळते, कलकत्त्याला जायचं म्हणतो. आई आधी थोबाडीत मारते. मग त्याला शोधून आणते आणि साठवलेले पैसे दाखवते. यापुढे चाळीस-पन्नास मिनिटं सिनेमात एवढंच आहे: मुलगा शहरात रमतोय आणि आई वाट बघतेय.

सुट्टीत घरी आलेला अपू रात्री अंथरुणावर पडलाय. आई शेजारी बसून बोलतेय. तिला बरं नाही हे ती त्याला सांगणार नाही, म्हणून आडून विचारते: समज मी आजारी पडले तर तू तुझ्या कमाईतून माझं औषधपाणी करशील ना? उत्तर येत नाही. ती पुन्हा हाक मारते. तो झोपलाय. आईचं काम करणाऱ्या करुणा बॅनर्जी तिथे काहीच करत नाहीत. पदर नीट करतात, एवढंच. मग परत जायच्या दिवशी अपू स्टेशनवर पोचतो, गाडी येते, आणि तो चढत नाही. घरी येऊन सांगतो, गाडी चुकली. एक दिवस जास्त राहतो.

माझी आई तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी एकटी राहायची. बँकेत लागल्यावर मी दर महिन्या-दीड महिन्याने शनिवारी जायचो आणि रविवारी संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने सांगलीला परत यायचो. ती स्टँडपर्यंत यायची. तिच्या हातात नेहमी काहीतरी असायचं, शेंगा किंवा दशम्या, आणि गाडी हलल्यावर ते खिडकीतून आत द्यायची, जणू तोवर विसरली होती. सहा वर्षं मी असा गेलो आणि आलो. एकदाही गाडी चुकवली नाही. सोमवारी नऊला काउंटरवर हजर असायचो.

आई गेली त्या दिवशी मी वेळेवर पोचलो नाही, तसा अपूही पोचत नाही. सर्वजया तिच्या शेवटच्या संध्याकाळी झाडाला टेकून बसते, गाडीचा आवाज ऐकते, आणि मग अंधारात तळ्याकाठी काजवे. जुन्या प्रिंटवर मी हा सिनेमा बघितला नव्हता आणि बरं झालं नव्हता बघितला, कारण काजवे म्हणजे काळ्या पडद्यावरचे पांढरे ठिपके, आणि आमच्या रिळांवर ते ठिपके सगळीकडेच असायचे. या प्रतीवर काळं काळंच आहे, आणि ठिपके फक्त काजव्यांचे आहेत. ते वर-खाली होतात.

मी डिस्क थांबवली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. नंतर उरलेला भाग बघितला. अपू घरी येतो, रडतो, आणि आजोबांनी क्रियाकर्मासाठी राहा म्हटल्यावर म्हणतो, कालीघाटला करेन. बोचकं उचलतो आणि जातो. इथे दुसरा कोणीही दिग्दर्शक असता तर मुलाला पश्चात्तापाने जमिनीवर लोळवलं असतं. आपल्या सिनेमात, मराठी काय आणि हिंदी काय, आईच्या ऋणाचं गाणं आलं असतं. राय त्याला जाऊ देतात. मुलगा मोठा होतो तो असाच मोठा होतो, आईला मागे टाकून, आणि तो वाईट माणूस नसतो. हे 1956 साली आईच्या मूर्तीपुढे दिवा लावणाऱ्या देशात कोणीतरी सरळ दाखवलं. मला वाटतं, कलकत्त्यात लोकांनी पाठ फिरवली ती यासाठी.

तिसऱ्या रविवारबद्दल थोडक्यात सांगतो. ‘अपूर संसार’ लोकांना सगळ्यांत जास्त आवडतो आणि सौमित्र चटर्जी व शर्मिला टागोर दोघांचाही तो पहिला सिनेमा. कलकत्त्याच्या गच्चीवरच्या खोलीतला संसार अप्रतिम आहे. सिगारेटच्या पाकिटात बायकोने चिठ्ठी ठेवलेली असते, जेवणानंतर एकच असा शब्द दिला होता याची आठवण करून देणारी, ती बघून आमच्या घरातही दोघं हसलो. पण बायको अपर्णेच्या मृत्यूनंतरची अपूची भटकंती, डोंगरावरून कादंबरीची पानं उधळून देणं, हे मला ओढूनताणून वाटतं. राय यांनी तिथे स्वतःचा हात सोडलाय. चित्रही पहिल्या दोघांपेक्षा जरा मऊ आहे, मूळ निगेटिव्ह नसल्याचा तो परिणाम असावा, पण कुठेही डोळ्याला त्रास होत नाही.

पण म्हणून भाच्याचा मुद्दा मी सोडून देणार नाही. रायांचं नाव लागलंय म्हणून सगळंच उत्तम म्हणणारे लोक आहेत आणि त्यांच्यामुळेच त्याच्यासारखी मुलं चिडतात. ‘चिडियाखाना’ (1967) ढिला आहे. इब्सेनच्या नाटकावरचा ‘गणशत्रू’ (1989) मी दोनदा बघितला. हृदयविकारानंतर रायांना बाहेर फिरून चित्रीकरण करणं शक्य नव्हतं हे मान्य, तरी माणसं खोलीत उभी राहून आळीपाळीने भाषणं करतात असंच दिसतं. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये 1960 च्या दशकात बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक शिकवायला होते आणि तिथल्या मुलांनी ‘राय की घटक’ हा वाद पुढे कितीतरी वर्षं जिवंत ठेवला. भाचाही घटकांच्या बाजूचा आहे. घटकांचा ‘मेघे ढाका तारा’ (1960) बघून माणूस हादरतो हे मी त्याला कबूल केलं. पण हादरवणं हीच एक मोजपट्टी का धरायची?

आणि त्याला मी ‘सद्गती’ची आठवण करून दिली. 1981 साली राय यांनी दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर हा छोटा चित्रपट केला. ओम पुरी, स्मिता पाटील आणि आपले मोहन आगाशे. गंमत अशी की रंगभूमीवर घाशीराम कोतवालाला नाचवणारे नाना फडणवीस झालेले आगाशे इथे पंडित घासीराम झालेत. फुकट राबवून घेतलेला दुखी नावाचा दलित माणूस लाकूड फोडता फोडता मरतो, कोणी प्रेत उचलत नाही, शेवटी तो ब्राह्मण पहाटे पायाला दोर अडकवून ते ओढत नेतो. शिवायचं नाही ना, म्हणून दोर. आमच्या घरी टीव्हीवर हे बघताना शेजारपाजारचे पंधरा-वीस लोक बसले होते, सगळ्या जातींचे, आणि संपल्यावर कोणी कोणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. त्या माणसाला गरिबी विकायची असती तर त्याने ओम पुरींचा चेहरा दाखवला असता. त्याने दोराची गाठ दाखवली.

माझं उत्तर असं झालं, की राय यांना डोक्यावर घेतलं त्यात चूक झाली नाही, पण ज्या गोष्टींसाठी घेतलं त्या चुकीच्या होत्या. करुणेचा पुतळा म्हणून त्यांना हार घालत बसलं तर शेवाळ, दोराची गाठ, पांढऱ्या कापडावरून परतवलेला उजेड, यातलं काहीच नजरेत भरत नाही. आणि वाईट प्रिंटवर तर ते दिसतच नाही. माझ्यासारखे किती तरी लोक गावोगावच्या सोसायट्यांत तुटक्या रिळांवर हे सिनेमे बघून, मान डोलावून, मनात कंटाळून घरी गेले असतील. त्यांनी हा संच बघावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

घेणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. तीन डिस्क आहेत, सोबत लेखांची पुस्तिका. जोडीला सौमित्र चटर्जी, शर्मिला टागोर यांच्या मुलाखती आहेत, रविशंकर संगीताबद्दल बोलतात तो भाग आहे, आणि 1992 साली मृत्यूच्या काही आठवडे आधी, रुग्णशय्येवरून राय ऑस्कर स्वीकारतात ते चित्रीकरणही आहे. आवाज धाप लागल्यासारखा आहे, पण शब्द नीट निवडलेले आहेत. सिनेमाखालची अक्षरं फक्त इंग्रजीत. हिला इंग्रजी भरभर वाचता येत नाही, म्हणून मी प्रत्येक सिनेमाची गोष्ट आधी सांगून टाकली आणि त्याने काही बिघडलं नाही. अमेरिकेत विकला जाणारा संच ब्लू-रेच्या ‘ए’ विभागासाठी आहे आणि भारत ‘सी’ विभागात येतो, त्यामुळे सगळे विभाग चालवणारा प्लेअर लागतो. पुतणीने हे आधीच बघून ठेवलं होतं. कोणाकडून मागवणार असाल तर प्लेअरचं आधी विचारा.

चित्र जवळजवळ चौकोनी आहे, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. पडदा भरावा म्हणून ताणू नका, माणसं बुटकी दिसतात आणि वरखालचं कापलं तर काशाची फुलंच जातात. टीव्हीमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते ती बंद करा, आणि उजेड ‘सिनेमा’वर ठेवा. खोलीतला दिवा घालवा. ‘अपराजितो’ तर रात्रीच लावा, काजव्यांसाठी.